आबांच्या रिव्हॉल्व्हरची माशी

१/
आजचा धागा एका माशीविषयी आहे. ती उडणारी नव्हे. बंदुकीच्या नळीच्या टोकावर बसलेली, नेम धरताना डोळ्यासमोर येणारी पोलादाची छोटी पाती. गेल्या वर्षी आमच्या घरातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरची माशी मी बदलून घेतली आणि दोन महिन्यांनी पुन्हा जुनीच बसवून घेतली. मधल्या काळात जे कळले ते केवळ शस्त्रांपुरते नाही. जुनी वस्तू ‘दुरुस्त’ करताना आपण नेमके काय पुसून टाकतो, हा प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक वाचकापुढे कधी ना कधी येतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

२/
प्रथम शब्दांविषयी थोडे. पुढच्या पातीला आपण ‘माशी’ म्हणतो, हिंदीत ‘मक्खी’. फारसीत तिला ‘मगसक’ म्हणतात, म्हणजे छोटी माशी. आणि रशियनमध्ये ‘मूश्का’, म्हणजेही छोटी माशीच. नळीच्या टोकावर काळा ठिपका बसलेला पाहून इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच उपमा सुचली. मागे असते ती ‘खाच’. खाचेच्या मधोमध माशी दिसावी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड राहावा आणि दोघींचे माथे एका रेषेत यावेत, यालाच नेम धरणे म्हणतात.

३/
या क्रियेला जुन्या मराठीत आणखी एक शब्द आहे : ‘शिस्त धरणे’. आज ‘शिस्त’ म्हटले की शाळेची रांग आठवते. पण हा शब्द फारसीतल्या ‘शस्त’चा वंशज. अंगठा, तिरंदाजाची अंगठ्यातली अंगठी आणि नेम, हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. एनसीसीत गेलेल्यांनी हिंदीतला ‘शिस्त लेना’ हा आदेश ऐकला असेल, तो हाच. डोळा, खाच, माशी आणि लक्ष्य या चौघांनी एका ओळीत उभे राहायचे, ही मूळची शिस्त. शाळेची नंतरची.

४/
आता आमच्या रिव्हॉल्व्हरकडे. माझे आजोबा, म्हणजे आबा, कोल्हापूर संस्थानच्या अखेरच्या काळात जंगल खात्यात नोकरीला होते. राधानगरी-दाजीपूरचे रान, जे शाहू छत्रपतींच्या काळात संस्थानची शिकारीची राखीव भूमी होते, ते त्यांचे कामाचे क्षेत्र. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आबांची नोकरी टिकली. पुढे काही वर्षांनी त्यांनी रीतसर परवाना काढून मुंबईहून एक वेब्ली अँड स्कॉट घेतले : .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे, वरची कडी दाबली की मधोमध मोडून उघडणारे.

५/
१९५८ साली दाजीपूर अभयारण्य म्हणून घोषित झाले. रानातली बंदूक मागे पडली आणि हे रिव्हॉल्व्हर कपाटात गेले. वर्षातून एकदोनदा तेल-फडके आणि क्वचित नेमबाजी, एवढेच त्याचे आयुष्य. आबांनंतर परवाना माझ्या वडिलांच्या नावे झाला. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. निवडणूक जाहीर झाली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि संपली की सोडवून आणायचे, हा अण्णांचा नेम अनेक वर्षे चालला. घरात त्याला कुणी ‘वेब्ली’ म्हणत नसे. ते ‘आबांचं पिस्तूल’. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक मी कितीदा सांगितला तरी आजी ऐकत नसे.

६/
अशा वस्तूकडे पाहताना प्रथम तिच्यावरची अक्षरे वाचावीत. वेब्ली ही बर्मिंगहॅमची जुनी पेढी. १८९७ साली स्कॉट कंपनीशी एकत्र येऊन ती ‘वेब्ली अँड स्कॉट’ झाली. नळीवर आणि चक्राच्या प्रत्येक घरावर इवले शिक्के असतात. ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेत प्रत्येक शस्त्र नेहमीपेक्षा जोरदार भार घालून उडवून पाहत आणि टिकले तरच शिक्का मारत. म्हणजे हे शिक्के एका परीक्षेचे निकालपत्र आहेत. हे सगळे मी मन लावून वाचले. माशी मात्र वाचली नाही. माझी चूक तिथे झाली.

७/
चूक समजण्यासाठी रिव्हॉल्व्हरच्या माशी-खाचेचा इतिहास थोडा पाहू. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांवरही माशी आणि खाच होती. नळी लांब, त्यामुळे दोघींत अंतर भरपूर. रिव्हॉल्व्हर आखूड. शिवाय ते जवळच्या झटापटीसाठी केलेले, म्हणून सुरुवातीच्या कारागिरांनी नेमाच्या साधनांवर फार खर्च केला नाही. १८५१ सालच्या कोल्ट ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरवर पुढे पितळी मणी होता आणि मागची खाच चक्क घोड्याच्या नाकावर कोरलेली होती. घोडा चढवला तरच खाच दिसे.

८/
३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७व्या पलटणीने उठाव केला. त्या वर्षी हिंदुस्थानातल्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा अ‍ॅडम्स बनावटीची रिव्हॉल्व्हरे होती. या शस्त्राची किंमत लांबवरच्या अचूकपणासाठी नव्हती. हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर, पुन्हा न भरता पाच-सहा बार काढता येत, यासाठी होती. इतक्या जवळ माशीकडे पाहायला सवड कुणाला? म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरच्या माशा बहुधा साध्या, ठोकळेबाज आणि न हलणाऱ्या असत.

९/
१८८७ साली ब्रिटिश सैन्याने वेब्लीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्यात खाच घोड्यावर नव्हती. शस्त्र उघडण्यासाठी वर जी कडी असते तिच्या माथ्यावर होती. आमच्याही रिव्हॉल्व्हरची रचना तशीच आहे. यातला धोका उघड आहे : कडी हा हलणारा भाग. हजारदा उघडझाप झाली की ती सैल होते आणि तिच्यासोबत खाचही डुलू लागते. म्हणून अशा शस्त्राचा नेम बिघडला तर माशीवर दोष ठेवण्याआधी कडी घट्ट बसते का, हे पाहावे. १९१५ सालच्या मार्क ६ या लष्करी नमुन्यात माशी वेगळी करून स्क्रूने बसवलेली होती, म्हणजे गरज पडल्यास तेवढीच बदलता येई.

१०/
माशीचा आकार कामाप्रमाणे ठरतो. खिशातल्या शस्त्राची माशी मागच्या बाजूने उतरती, कापडात अडकू नये म्हणून. शिकारीच्या शस्त्राची माशी टोकाला हस्तिदंती किंवा धातूच्या चकचकीत मण्याची, कारण संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळी पाती दिसत नाही. नेमबाजीसाठी मात्र सपाट माथ्याची चौकोनी पाती आणि तशीच चौकोनी खाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिज या अमेरिकी नेमबाजाने ती रूढ केली आणि आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात. आबांची माशी उतरती, म्हणजे खिशातल्या जातीची. ती पायाच्या खाचेत बसवून आडव्या पिनेने अडकवलेली होती.

११/
गेल्या वर्षी ही पिन सैल झाली. माशी बोटाने हलू लागली. अण्णा म्हणाले, “आबांचं पिस्तूल तेवढं नीट करून आण. माझ्याच्यानं आता धावपळ होत नाही.” मी हातात भिंग घेतले, जुन्या विक्रीपत्रिकेतले चित्र शोधले आणि दोन्हींची तुलना केली. चित्रातली माशी उंच, आमची बुटकी. माथा जणू कुणी कापून नेलेला. मी निष्कर्ष काढला : झीज. सत्तर वर्षांत खिशात, म्यानात, कपाटात घासून घासून माशी झिजली. तेव्हा केवळ पिन न बदलता माशीच नवी, मूळ उंचीची बसवावी. इतिहासाचे भान असलेला माणूस मूळ रूपच परत आणणार ना!

१२/
एक मित्र म्हणाला, “एवढीशी पाती? उद्यमनगरात कुणीही चहा होईपर्यंत करून देईल.” खरे आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर याहून नाजूक कामे रोज होतात. पण १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते, आणि शस्त्र तिथे न्यायचे तेही परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने. हे तरुण वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे. घरात आजोबांचे शस्त्र असेल तर हौसेने कानस हातात घेऊ नका. तो गुन्हा आहे. आणि पुढे दिसेल की केवळ गुन्हाच नाही.

१३/
म्हणून अण्णांना घेऊन मी एका परवानाधारक मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, बोटांना तेलाचा वास, बोलणे अस्सल कोल्हापुरी. त्यांनी माशी हलवून पाहिली, कडी दाबून पाहिली, चक्र कानाशी नेऊन फिरवले. कडी घट्ट होती. मी चित्र पुढे केले आणि मूळ उंचीची नवी माशी हवी असे सांगितले. ते चित्राकडे न पाहताच म्हणाले, “अगुदर मारून बघूया की, मग ठरवूया.” मी म्हटले, “मिस्त्री, झिजलेली दिसतेच आहे. बघायचं काय त्यात?” त्यांनी खांदे उडवले.

१४/
पर्याय काय होते, ते सांगतो. पहिला : पिन बदलून जुनीच माशी घट्ट करणे. दुसरा : तशाच दुसऱ्या शस्त्राचा जुना भाग मिळवणे, तो मिळणे दुर्घट. तिसरा : नवी पाती घडवून त्याच खाचेत बसवणे. चौथा : मागे सरकती, स्क्रूने हलणारी खाच लावणे, त्यासाठी कडीला भोके पाडावी लागतात, आणि पाडलेले भोक कधीच बुजत नाही. पाचवा : माशी झाळून पक्की करणे; त्या उष्णतेने नळीचा निळसर काळा मुलामा उडतो. शेवटचे दोन मिस्त्रींनीच मोडीत काढले. मी तिसरा निवडला.

१५/
नवी पाती साध्या पोलादाची. जाडी जुन्या पातीइतकीच, म्हणजे खाचेत दोन्ही बाजूंना पूर्वीइतकाच उजेड राहावा. पाया खाचेत घट्ट सरकेल इतका, ठोकावा लागणार नाही इतका. जुनी पिन काढताना मिस्त्रींनी आधी तिची दोन्ही टोके मोजली. अशा पिना बहुधा एका बाजूने किंचित निमुळत्या असतात आणि बारीक टोकाकडूनच ठोकायच्या असतात. उलट ठोकल्या तर पाया फाटतो. पाती बसली. उंची चित्राबरहुकूम. जुनी पाती मेजावर पडली होती. मी म्हणालो, “ती टाकून द्या.” मिस्त्री काही बोलले नाहीत.

१६/
मग परवानगी घेऊन आम्ही एका मान्यताप्राप्त रेंजवर गेलो. कोल्हापूरला हे वातावरण नवे नाही. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत, २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणाऱ्या राही सरनोबत आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे सगळे याच जिल्ह्याचे. आजच्या स्पर्धेच्या पिस्तुलाची खाच बारीक स्क्रूने टिक्‌टिक् सरकते. गोळी खाली लागली तर दोन टिचक्या वर. आबांच्या रिव्हॉल्व्हरला ही सोय नव्हती. त्यांच्याजवळ फक्त कानस होती. पण हे मला अजून कळायचे होते.

१७/
अण्णांनी बसून, वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून, १५ मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. नेम कागदाच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर. भोके पडली ती सगळी खाली. पाचांचा मध्य सुमारे ८ सेंटीमीटर खाली. अण्णांनी पुन्हा पाच झाडल्या. पुन्हा तेच. अण्णा म्हणाले, “असं कधी होत नव्हतं. आबा असताना मी मारलंय याच्यानं.” मी गप्प. मूळ रूप परत आणले, तर मूळ अचूकपणाही परत यायला हवा होता.

१८/
इथे थोडे गणित, कारण या गोष्टीचा कणा तेच आहे. खाच आणि माशी यांतले आमच्या रिव्हॉल्व्हरवरचे अंतर १५० मिलिमीटर. लक्ष्य १५ मीटरवर, म्हणजे त्याच्या शंभरपट. म्हणून माशीच्या उंचीत जेवढा फरक पडेल, त्याच्या शंभरपट फरक कागदावर दिसणार. आणि दिशा उलटी : माशी उंच केली की तिचा माथा खाचेशी जुळवताना नळीचे टोक खाली झुकते आणि गोळी खाली लागते. माशी कमी केली की गोळी वर. खाचेचे मात्र सरळ आहे : खाच जिकडे, गोळी तिकडे. ८ सेंटीमीटरचा शंभरावा भाग ०.८ मिलिमीटर.

१९/
मी मिस्त्रींकडे परतलो आणि गणित सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी खणातून एक काडेपेटी काढली. तीत कापसावर जुनी माशी होती. मी ‘टाकून द्या’ म्हटले होते. त्यांनी टाकली नव्हती. त्यांनी नवी आणि जुनी मोजली. फरक ०.८ मिलिमीटर. मग भिंग माझ्या हातात देत म्हणाले, “दादा, ही झिजल्याली न्हाई, घासल्याली हाय. झिजल्यालं गोल असतंय, गुळगुळीत. हितं बघा, रेघा एका वळणात हायत. कुणीतरी मन लावून कानस मारल्या.”

२०/
भिंगातून स्पष्ट दिसत होते. माशीच्या माथ्यावर आडव्या, समांतर, बारीक रेघा. कोपरे धारदार, आणि खिशात अडकू नयेत म्हणून मागून हलकेच मोडलेले. हे काळाचे काम नव्हते, माणसाचे होते. मी ज्याला हानी समजलो ती दुरुस्ती होती, आणि मी जी दुरुस्ती केली ती हानी. इतिहासाच्या पुस्तकांत आपण ‘प्रक्षिप्त’ श्लोक ओळखायला शिकतो. पण नंतर घातलेली प्रत्येक ओळ खोटी नसते. कधी कधी ती त्या पोथीचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्याने समासात केलेली नोंद असते.

२१/
घरी येऊन आबांच्या टिपणवह्या काढल्या. हिशेब, पाऊसमान, बियाण्याचे भाव. दोन रात्री शोधल्यावर एका पानावर चार ओळी सापडल्या. आशय असा : विलायती काडतुसे संपली, खडकीची आणली, वीस पावलांवर चार बोटे खाली लागतात, माशी पाव सूत घासली, आता बरोबर. जुन्या कारागिरीत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव सूत म्हणजे ०.७९ मिलिमीटर. वीस पावले म्हणजे सुमारे १५ मीटर. चार बोटे म्हणजे साधारण ८ सेंटीमीटर. मिस्त्रींचे माप, अण्णांचा कागद आणि आबांची वही या तिघांनी, एकमेकांना न विचारता, एकच साक्ष दिली होती.

२२/
काडतूस बदलल्याने गोळी खाली का लागावी? चाप ओढल्यावर गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच धक्क्याने नळीचे टोक वर उचलले जाऊ लागते. गोळी सावकाश असेल तर ती नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात टोक जास्त उचलले जाते. गोळी वर लागते. वेगवान किंवा हलक्या गोळीचे उलट. म्हणजे खडकीची काडतुसे आबांच्या आधीच्या काडतुसांपेक्षा काहीशी तेज असावीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी त्याची खूण असते. परकी माल दुर्मीळ होऊन देशी माल घराघरांत आला, हा स्वतंत्र भारताचा केवढा मोठा इतिहास. आमच्या घरात तो पाव सुताच्या कानशीने लिहिला गेला.

२३/
मिस्त्रींनी आणखी एक दाखवले. कडीवरची खाच मूळच्यापेक्षा रुंद होती, आणि तिच्या कडांवरच्या रेघा माशीवरच्या रेघांहून वेगळ्या, ताज्या आणि किंचित वेड्यावाकड्या. वहीत याची नोंद नाही. पण अण्णांना आठवते, उतारवयात आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. डोळा मंदावला की अरुंद खाचेतून माशीच्या दोन्ही बाजूंचा उजेड दिसेनासा होतो. खाच रुंद केली की पुन्हा दिसू लागतो. नेमाचा बारीकपणा थोडा जातो, पण माशी तरी सापडते. माशीवरची कानस एका धडधाकट माणसाची. खाचेवरची, बहुधा, त्याच माणसाची, हात कापू लागल्यानंतरची.

२४/
यावरून एक प्रसिद्ध उदाहरण आठवते. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. खेडचे राजगुरू आणि भगतसिंग तेव्हा सोबत होते. भगतसिंगांचे .३२ कोल्ट पिस्तूल पुढे अनेक वर्षे इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात निनावी पडून होते, कारण गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग दिला होता. रंग खरवडल्यावर खाली क्रमांक दिसला : १६८८९६. तोच नोंदींत होता. रंग देणाऱ्याचा हेतू जपणुकीचा होता, पण त्या जपणुकीने ओळखच झाकली गेली. माझाही हेतू चांगलाच होता.

२५/
अखेर आम्ही काय केले? नवी पिन घडवून आबांची माशी पुन्हा बसवली. पुन्हा रेंजवर गेलो. अण्णांनी आधी काडी पेटवून एका मेणबत्तीची काजळी माशीच्या मागच्या अंगावर धरली. उन्हात पोलाद चमकू नये म्हणून आबा चिमणीच्या काजळीवर असेच धरायचे, म्हणाले. मग पाच गोळ्या. भोके वर्तुळात, मध्याच्या आसपास. अण्णा आता आबांच्या त्या वेळच्या वयाचे आहेत. रिव्हॉल्व्हर खाली ठेवून ते म्हणाले, “खाच मोठी आहे ते बरं झालं. मला दिसतंय.”

२६/
जुन्या शस्त्रावर, किंवा कुठल्याही जुन्या वस्तूवर काम करून घेण्याआधी मी आता पाच गोष्टी पाळतो. बदलण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. झीज आणि घास यांतला फरक भिंगातून पाहावा. परत फिरवता येणार नाही असे काही करू नये : भोक नको, झाळ नको. नवा भाग घडवायचाच तर उंच घडवावा, कारण पोलाद काढता येते, घालता येत नाही. आणि काढलेला भाग, तारीख, माप आणि कारण लिहून, त्या वस्तूसोबतच ठेवावा. मी घडवलेली चुकीची माशी आज त्याच काडेपेटीत आहे, माझ्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीसह. पुढच्या पिढीतल्या कुणाला माझ्या चुकीचाही पुरावा मिळावा.

२७/
न्यू पॅलेसच्या संग्रहालयात कोल्हापूरकर लहानपणापासून जातात. तिथल्या तलवारी, बंदुका, शिकारीच्या आठवणी पाहताना आपण विचारतो : ही कुणाची? कितव्या शतकातली? पुढच्या खेपेला आणखी एक प्रश्न विचारा : हिच्यावर कुणी, कशासाठी कानस मारली? मुठीवरचा बदललेला पत्रा, दस्त्यावरची नवी तार, माशीचा कापलेला माथा. वस्तू घडवणाऱ्याचे नाव बहुधा कोरलेले असते. वापरणाऱ्याचे असे कुठे तरी खरवडलेले असते, आणि ते वाचायला थोडा अधिक वेळ लागतो.

२८/
धागा इथे संपवतो. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, शस्त्रच हवे असे नाही, अडकित्ता असेल, घड्याळ असेल, शिवणयंत्र असेल, आणि तिच्यावर कुणाच्या तरी हाताची अशी दुरुस्ती असेल, तर खाली जरूर लिहा. घरातल्या थोरांना आजच विचारून घ्या. आबांनी वहीत चार ओळी लिहिल्या म्हणून मला कळले. खाचेबद्दल त्यांनी लिहिले नाही, आणि तिथे ‘बहुधा’ हा शब्द मला कायमचा ठेवावा लागला.